ऑर्डर ठरवायची घरी, काउंटरवर फक्त सांगायची

रांगेत माझ्यापुढे तीन माणसं होती तेव्हा माझं वाक्य तयार होतं. ‘एक टोमॅटो सूप, एक ब्रेड, इथेच खाणार.’ मनातल्या मनात दहा-बारा वेळा घोकून झालं होतं. माझा नंबर आला, मी तोंड उघडणार तेवढ्यात काउंटरपलीकडच्या मुलाने विचारलं, ‘मेंबर आहात का?’

कशाचं मेंबर, हे मला कळेना. त्याच क्षणी त्याच्या मागे दुधाला वाफ देणारं मशीन किंचाळलं आणि कोणीतरी ट्रे आपटला. मी ‘हो’ म्हणाले. त्याने नंबर मागितला. मी ‘नाही’ म्हणाले. मग त्याने आणखी काहीतरी विचारलं, त्यालाही ‘हो’ म्हणून टाकलं. पाच मिनिटांनी ट्रे हातात आला तर त्यात सूप नव्हतंच. जे होतं त्यावर वितळलेलं चीज होतं, आणि वितळलेलं चीज माझ्याच्याने खाववत नाही. जिभेवर तार धरते आणि घशाशी येतं. पैसे दिले होते. दहा मिनिटं त्या ट्रेसमोर बसले आणि उपाशी घरी आले.

तेव्हा मी एकतीस वर्षांची होते, आणि ऑफिसात भरल्या हॉलसमोर उभी राहून न अडखळता बोलायचे. ऑटिझमचं निदान त्यानंतर तीन वर्षांनी झालं. नुकतंच निदान झालेल्यांसाठी, किंवा पहिल्यांदाच एकटं राहायला आणि एकटं बाहेर खायला लागलेल्यांसाठी हे लिहिते आहे. (मराठीत ‘स्वमग्न’ हा शब्द रुळला आहे. मी मात्र ‘ऑटिस्टिक’च म्हणते. काउंटरवर उभी असताना मी स्वतःत मग्न मुळीच नसते. मशीन, ट्रे, दिवे, मागच्या माणसाचं अत्तर, सगळ्यांत एकदम बुडालेली असते.)

ऑर्डर देणं हे दिसायला एक काम आहे. मोजून बघा: बोर्ड वाचायचा, त्यातलं निवडायचं, भूक किती आहे ते ठरवायचं, रांग पुढे सरकली की सरकायचं, गोंगाटातून आपल्याला विचारलेला प्रश्न वेगळा काढायचा, उत्तर द्यायचं, पैसे काढायचे, वाट बघायची, आपलं नाव ओळखायचं, आलंय ते बरोबर आहे का बघायचं. बहुतेकांच्या हातून हे आपोआप होत जातं. आपल्याला एकेक काम जाणूनबुजून करावं लागतं, तेही मागे माणसं खोळंबलेली असताना. म्हणून ‘जरा धीट हो’ हा सल्ला कुचकामी आहे. काउंटरवरची कामं कमी करायची, हा खरा उपाय. जेवढं घरी उरकेल तेवढं घरी उरकायचं.

आधी गाडी कुठे अडते ते बघा

‘मला ऑर्डर देता येत नाही’ एवढ्या ढोबळ तक्रारीला इलाज नाही. पुढच्या चार-पाच वेळा बाहेर खाऊन आलात की लगेच फोनमध्ये दोन ओळी लिहा. कुठे अडलं? निवडताना, बोलताना, ऐकताना, थांबताना, की ताट समोर आल्यावर? किती वाजले होते, आणि त्याआधी शेवटचं कधी खाल्लं होतं?

माझ्या नोंदींतून दोन गोष्टी निघाल्या. पहिली म्हणजे मला बोलायला अडचण नाही, ऐकायला आहे. कान ठणठणीत आहेत, पण चार आवाजांतला एक वेचून घेणं गर्दीत होत नाही. गोंगाटात माणूस नकळत आपला आवाज चढवतो हे एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने १९११ सालीच मांडलं होतं, आणि आजही त्या परिणामाला त्याचंच नाव आहे. भरलेल्या खोलीत प्रत्येक टेबल हेच करतं: शेजारचे मोठ्याने बोलतात म्हणून आपण, आपण बोलतो म्हणून पलीकडचे. त्यामुळे गर्दी थोडी वाढली तरी गलका बराच वाढतो. हे कळल्यावर मी ‘कुठे’ खायचं यापेक्षा ‘किती वाजता’ याचा जास्त विचार करायला लागले.

दुसरी गोष्ट: फजितीचे जवळजवळ सगळे दिवस उशिरा खाण्याचे होते. मला भूक पोटात कळतच नाही. आधी चिडचिड होते, दिवे डोळ्यांत घुसायला लागतात, साधे शब्द आठवेनासे होतात, आणि मग कधीतरी ध्यानात येतं की सकाळपासून पोटात काही नाही. शरीराच्या आतल्या खुणा उशिरा किंवा अंधूक कळणं हे बऱ्याच ऑटिस्टिक लोकांचं होतं. तुमचंही तसं असेल तर भुकेची वाट बघू नका, घड्याळ बघून खा. पिशवीत काहीतरी खात्रीचं ठेवा आणि रांगेत शिरण्याआधी त्यातले दोन घास खाऊन घ्या. हे सांगायला पोरकट वाटतं, पण बाकीच्या सगळ्या युक्त्यांपेक्षा याचाच मला जास्त उपयोग झाला.

तीन रकाने

कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात, कुठेही आणि कसंही मिळालं तरी खाता येतं ते. तिसऱ्यात, काही केल्या खाता येत नाही ते. हे दोन पाच मिनिटांत भरतात. मधला रकाना ‘असं असेल तर’चा, आणि त्याला वेळ द्या.

त्यात नुसती पदार्थांची नावं लिहून भागत नाही. सूपच घ्या. गाळलेलं, एकजीव सूप मी रोज पिईन. त्यात अर्धवट शिजलेल्या कांद्याचा एक तुकडा दाताखाली आला की संपलं, पुढचा चमचा उचलवत नाही. चव तीच आहे, नाव तेच आहे. म्हणून माझ्या रकान्यात ‘सूप’ नाही, ‘सूप, तुकडे नसतील तर’ आहे. तुमच्या अटी वेगळ्या असतील. कोमट नको, गरमच हवं. कुरकुरीत आणि ओलं एकत्र नको. दोन पदार्थ ताटात एकमेकांना टेकायला नकोत. अट सापडत नसेल तर शेवटचं कधी घास परत काढावा लागला ते आठवा, आणि त्या वेळी तोंडात नेमकं काय जाणवलं ते लिहा.

घरच्यांनी याला नखरे म्हटलं असेल. माझ्या घरीही म्हणायचे. लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञांनी १९४३ साली ११ मुलांबद्दल जो निबंध लिहिला आणि जिथून ऑटिझम हे नाव वैद्यकात या अर्थाने रूढ झालं, त्यातही खाण्याच्या अडचणींची नोंद आहे. आवाज, स्पर्श, वास, पोत यांचा जास्त किंवा कमी त्रास होणं हे अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ सालच्या निदान-पुस्तिकेत ऑटिझमच्या निकषांत घातलं. कोणी वाद घातलाच तर एवढं सांगून गप्प बसा. जेवणाच्या टेबलावर वाद जिंकून भूक भागत नाही.

पहिला रकाना आखूड असला तरी बिघडत नाही. रोज तेच खाणारी माणसं जगात भरपूर आहेत. पण तो आक्रसत चालला असेल, गेल्या वर्षी चालणारं यंदा चालत नसेल, वजन उतरत असेल, थकवा जात नसेल, तर डॉक्टरांकडे जा. त्याच २०१३च्या पुस्तिकेत ‘आर्फिड’ नावाचा खाण्याचा विकार आला: यात बारीक व्हायची इच्छा नसते, पण पोत, वास किंवा घास अडकण्याच्या भीतीने खाणंच इतकं कमी होतं की शरीराला पुरत नाही. डॉक्टरांपुढे ‘मी जरा कमी खाते’ असं मोघम बोलण्यापेक्षा तो कागद पुढे ठेवा.

पहिल्या खेपेला काही मागवायचं नाही

नवीन जागी पहिल्यांदा जाल तेव्हा नुसतं बघून या. फार तर पाण्याची बाटली घ्या. रांग कुठून सुरू होते, पैसे आधी की नंतर, टोकन देतात की नाव पुकारतात, चमचे आपण घ्यायचे की आणून देतात, स्पीकर कुठल्या भिंतीला आहे, बाहेर पडायचं दार कुठे आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं: पाच गिऱ्हाइकांना काय काय विचारलं जातं ते कान देऊन ऐका. मला ‘मेंबर आहात का?’ने गाठलं ते यामुळेच. माझं वाक्य मी घडवलं होतं, त्यांचे प्रश्न मी ऐकलेच नव्हते.

मेन्यू नेटवर सापडला तर उत्तमच; नाहीतर बोर्डाचा फोटो काढून आणा आणि घरी बसून तीन रकान्यांशी ताडून बघा. जाण्याची वेळ उघडल्यावरचा पहिला तास, किंवा दुपारची गर्दी ओसरल्यावर आणि संध्याकाळची सुरू होण्याआधी. बसायला भिंतीला पाठ लागेल असा कोपरा. कानात घालायचे प्लग सगळं बंद करणारे नकोत, आवाज खाली आणणारे घ्या. समोरच्याचं बोलणं तरी ऐकू यायला हवं.

वाक्य कसं बांधायचं

किती, काय, कसं, कुठे. या क्रमाने. ‘एक सूप. वरून क्रीम नको. इथेच.’ तीन तुकडे, प्रत्येकानंतर श्वास. ‘मला ना, म्हणजे जमणार असेल तर...’ अशी सुरुवात केली की समोरचा मध्येच प्रश्न विचारतो आणि आपलं वाक्य तिथेच तुटतं.

बदल एकच सांगा. दोन सांगितले की एक विसरला जातो, हा माझा अनुभव. तिसरा सांगावासा वाटला तर तो पदार्थ आपला नाही, दुसरा निवडा. सॉस किंवा असंच काही वरून घालत असतील तर ‘नको’ म्हणण्यापेक्षा ‘वेगळ्या वाटीत द्या’ हे स्वयंपाकघराला सोपं जातं आणि कोणी कारणही विचारत नाही.

‘ॲलर्जी आहे असं सांगून टाक’ हा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. मी तसं करत नाही. ॲलर्जी म्हटलं की चांगल्या स्वयंपाकघरात भांडी, सुऱ्या, पाट वेगळे काढतात. माझ्या पोताच्या अडचणीसाठी एवढी धावपळ नको, आणि खोट्या ॲलर्ज्या वाढल्या तर ज्याचा त्यात जीव जाऊ शकतो त्याचं म्हणणं हलक्यात घेतलं जाईल. ‘मला ते खाता येत नाही’ हे खरं आहे आणि पुरेसंही आहे.

नेहमी येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं वाक्याखाली लिहून ठेवा: इथे की पार्सल, लहान की मोठं, सोबत आणखी काही, पैसे कसे देणार, नाव काय सांगू. नाव अवघड असेल तर सोपं दुसरं ठरवा, पण ठरवलेलं लक्षात ठेवा. मी एकदा दुसऱ्याच नावाने ऑर्डर दिली आणि ते नाव पुकारलं गेलं तेव्हा इकडेतिकडे बघत बसले होते.

प्रश्न कळलाच नाही तर? आपल्याला सवय असते ‘हो’ म्हणायची, कारण ‘हो’ म्हटलं की बोलणं लवकर संपेल असं वाटतं. ते संपत नाही, वाढतं. ‘परत सांगता का?’ हे एकदा म्हणा. दुसऱ्यांदाही कळलं नाही तर, ‘या आवाजात मला कळत नाहीये, बोट दाखवा ना.’ एवढंही जमेना तर ‘नको’. ‘नको’ म्हटल्याने ताटात फारसं काही वाढत नाही.

आणि बोलायचंच नसेल तर नका बोलू. फोनवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवा:

‘नमस्कार. मी ऑटिस्टिक आहे. गोंगाटात ऐकलेलं मला पटकन कळत नाही. माझी ऑर्डर खाली आहे. काही विचारायचं असल्यास लिहून दाखवा.’

दुसरं वाक्य ठेवायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. ते काढलं तरी चिठ्ठीचं काम अडत नाही. काही ठिकाणी सूर्यफुलांची चित्रं असलेली हिरवी गळपट्टी ओळखतात. न दिसणाऱ्या अपंगत्वासाठी ती २०१६ साली लंडनच्या गॅटविक विमानतळावर सुरू झाली आणि पुढे बऱ्याच देशांत पसरली. पण समोरच्याला तिचा अर्थ माहीत असला तरच तिचा उपयोग. चिठ्ठी वाचता येणारा कोणीही वाचू शकतो, म्हणून माझा भरवसा चिठ्ठीवर जास्त.

डोळ्यांत बघून बोललं पाहिजे असं काही नाही. बोर्डाकडे बघून बोला, निम्मी रांग तेच करत असते.

‘ते संपलंय’

तयारीचा डोलारा कोसळतो तो या दोन शब्दांनी. म्हणून प्रत्येक जागेसाठी तीन ओळी हव्यात: पहिली पसंती, दुसरी, आणि तिसरी ओळ कायम एकच: ‘मग राहू दे, धन्यवाद.’ ही तिसरी ओळ घरी मोठ्याने म्हणून बघा. काही न घेता निघून येणं हा अपमान नाही, गुन्हा नाही. पिशवीत खात्रीचं खाणं ठेवलंय ते याचसाठी. दार उघडं आहे हे माहीत असलं की पहिली ओळ बोलायला निम्मी भीती राहत नाही.

चुकीचं ताट आलं तर हात लावण्याआधी सांगा. ‘हे माझं नाही, मी सूप सांगितलं होतं,’ आणि बिलावर बोट ठेवा. बिल घेतल्याशिवाय काउंटर सोडायचा नाही तो यासाठी. त्या दिवशी मी पैसे दिल्यावर कागद न बघता खिशात कोंबला होता.

ॲपवरून मागवणं

बोलावं लागत नाही, म्हणून हे आपल्यासाठीच बनवलंय असं सुरुवातीला वाटतं. आवाजाचा प्रश्न सुटतो, निवडीचा दुपटीने वाढतो. शेकडो फोटो, वर लुकलुकणाऱ्या सवलती, आणि शेवटच्या पानावर पुन्हा ‘हेही घ्या’. मी एकदा चाळीस मिनिटं स्क्रोल करून फोन बंद केला आणि तशीच झोपले. तेव्हापासून भूक नसताना, शांत दिवशी, तीन जागांतले तीन पदार्थ ‘आवडते’मध्ये टाकून ठेवलेत. मागवायच्या वेळी फक्त ‘पुन्हा मागवा’ दाबायचं. मुखपृष्ठ बघायचंच नाही.

सूचनांच्या चौकटीत एकच सूचना, सुरुवातीलाच. दुसरी चौकट पत्त्याची: ‘फोन करू नका, दाराबाहेर ठेवून मेसेज करा.’ तरीही फोन येतो. त्याच्यासाठी एक ओळ पाठ हवी: पत्त्याजवळची मोठी खूण आणि ‘तिथून डावीकडे’ किंवा जे काय असेल ते. फोनवर ओठ दिसत नाहीत, मागे रस्त्याचा आवाज असतो, त्यामुळे समोरचा काय विचारतोय हे कळलं नाही तरी तीच ओळ सावकाश म्हणा. बहुतेक वेळा त्याला तेवढंच हवं असतं.

काही ठिकाणी काउंटरऐवजी मोठी टचस्क्रीन असते. मला ती फार आवडते. फक्त मागे कोणी उभं राहिलं की बोटं थरथरतात, म्हणून मी मागच्याला सरळ ‘तुम्ही घ्या आधी’ म्हणते.

सोबत माणसं असली की

चारचौघांत ‘सगळं मध्ये ठेवून वाटून खाऊ’ असं ठरलं की तीन रकाने कोलमडतात. त्यावर एकच उपाय मला सापडलाय: निघण्याआधी मेसेज करायचा, ‘मी माझं वेगळं मागवेन, तुम्ही वाटून घ्या.’ टेबलावर बसल्यावर हे सांगितलं की चर्चा होते, आधी सांगितलं की होत नाही.

माझी मैत्रीण सुरुवातीला माझ्या वतीने परस्पर ऑर्डर द्यायची. प्रेमानेच. वेटरही मग तिलाच विचारायला लागले, ‘यांना काय हवंय?’ शेवटी आम्ही ठरवलं: मी बोलायचं, तिने फक्त प्रश्न परत सांगायचा. वेटर काहीतरी विचारतो, ती माझ्याकडे वळून तेच हळू म्हणते, मी उत्तर देते. तुमच्या सोबत्याला नेमकं कुठलं एक काम हवंय ते असं ठरवून सांगा. ‘मदत कर’ म्हटलं तर माणसं सगळंच करून टाकतात. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या अभ्यासकाने २०१२ साली म्हटलं की गैरसमज एकट्या ऑटिस्टिक माणसामुळे होत नाही, दोन्ही बाजूंना एकमेकांचं कळत नसतं. मैत्रिणीला ते सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘मग वेटरसाठी पण एखादी चिठ्ठी करू या.’

ओळख झाली की

याबद्दल कोणी आधी सांगत नाही. एकाच जागी एकाच वेळी जाऊन तेच मागवलं की महिन्याभरात तिथला माणूस ओळखायला लागतो. तो हसून विचारतो, ‘नेहमीचंच ना?’ आणि आपली घोकलेली तीन तुकड्यांची ओळ घशातच राहते. आपल्यातले बरेच जण त्या दिवसानंतर ती जागा सोडून देतात. मीही दोन सोडल्या. पुढे जायचं मन होईना आणि का होईना हेही कळेना.

तिसऱ्या जागी जाण्याआधी मी त्या प्रश्नाचंही उत्तर लिहून ठेवलं. पाच-सहा आठवडे काही झालं नाही. मग एका दुपारी मी काउंटरशी पोचायच्या आत त्या बाई म्हणाल्या, ‘नेहमीचं?’ मी बोर्डाकडे बघत म्हटलं, ‘हो, तेच. क्रीम नको.’ त्या म्हणाल्या, ‘माहीत आहे.’ यावरचं उत्तर लिहिलेलं नव्हतं. मी पैसे दिले, बिल घेतलं आणि कोपऱ्यातल्या टेबलाकडे गेले.